समोरच्या उमेदवाराचे काम

शिक्षक हा राष्ट्राचा शिल्पकार असतो, असे आमच्या मुरबाडच्या बीएड कॉलेजच्या भिंतीवर लिहिले आहे. या शिल्पकाराचे दाखले आधी आमचे कारकून तपासतात. तपासताना ते मान वर करत नाहीत, टेबलाखाली पाय मात्र सतत हलवतात. कागद कमी असला की एवढेच म्हणतात, “नाय चालणार.”

प्रवेशाच्या शेवटच्या दिवशी त्यांनी टोकावड्याच्या एका मुलीला असेच परत पाठवले. तिचे जातवैधता प्रमाणपत्र घरी राहिले होते. खिडकी पाचला बंद होते, पण समोरच्या उमेदवाराचे काम पुरे होईपर्यंत उघडी ठेवावी लागते. पाचला समोर शहापूरचा एक तरुण होता. कारकुनांनी त्याची फाइल तिसऱ्यांदा पहिल्या पानापासून तपासायला घेतली. मधूनमधून ते फाटकाकडे बघत होते. इतक्या सावकाश काम करताना मी त्यांना कधी पाहिले नव्हते.

“काका, सगळं बरोबर आहे ना?”

“हाय. मास्तर व्हायचंय ना? मग थांबायला शीक.”

साडेपाचनंतर मुलगी धापा टाकत आली.

“टाइम बघितलास गो?” असे खेकसून त्यांनी शिक्का मारला.

तिचा प्रवेश झाला. शहापूरच्या तरुणाची साडेपाचची एसटी चुकली.