करणाऱ्याचं नाव

लग्नानंतरची पहिली चार वर्षं आमच्या घरात कोणीही काहीही केलं नाही. कप फुटायचा. दूध उतू जायचं. दार उघडं राहायचं आणि शेजारची शेळी आत शिरून माझ्या विद्यार्थ्यांच्या निबंधाच्या वह्या फस्त करायची. (तेही शेळीनं केलं असं कोणी म्हणायचं नाही, 'वह्या गेल्या' एवढंच मला कळायचं.) कोणी फोडला, कोणी उघडं टाकलं, असं विचारलं की आई आणि बायको माझ्याकडे अशा बघायच्या, की जणू मीच काहीतरी अभद्र बोललो!

मी मुळात तापट. त्यातून अंबडच्या शाळेत इंग्रजीचा मास्तर, आणि त्यातून हंगामी. निजामाचं राज्य जाऊन पाच-सहा वर्षं झाली होती. मी स्वतः शिकलो उर्दूतून, आता शिकवत होतो मराठीतून, आणि शिकवत होतो इंग्रजी! दर उन्हाळ्यात वाटायचं, या वर्षी आपल्याला घरी बसवणार. असा माणूस चिडणार नाही तर काय करील?

त्या साली सातवीला मी कर्मणी प्रयोग शिकवत होतो. फळ्यावर लिहिलं, 'द कप हॅज बीन ब्रोकन.' म्हणजे, कप फोडला गेलेला आहे. मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, पन फोडला कोनी?" मी सांगितलं, इंग्रजाला ते सांगायची गरज वाटत नाही. त्याच्या घरी उठताबसता असंच बोलतात. पत्र टाकलं गेलेलं आहे, खिडकी लावली गेलेली आहे, चहा केला गेलेला आहे. कोणी, ते ज्याचं त्यानं समजून घ्यायचं. वर्षभर पेंगणारा वर्ग एकदम जागा झाला. ज्या भाषेत कोणीच सापडत नाही, ती भाषा पोरांना फार आवडली. दुसऱ्या दिवशी निम्म्या वर्गाचा गृहपाठ 'विसरला गेलेला' होता. मी छडी काढली.

त्याच संध्याकाळी घरी आलो तर कंदिलाची काच फुटलेली. म्हणजे, आपोआप. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. शाळेत पगार घेऊन जे शिकवतो, तेच मला घरी फुकट ऐकावं लागणार? मी ओसरीवर उभा राहून हुकूम सोडला, की आजपासून या घरात करणाऱ्याचं नाव घेतल्याशिवाय कोणी वाक्य संपवायचं नाही.

बायकोनं हळूच विचारलं, "आन् करनाऱ्याचं नाव घेता येत नसंल तर?"

"तरी घ्यायचं!" मी ओरडलो. (ती काय विचारत होती हे मला तेव्हा कळलं असतं, तर पुढचं सगळं टळलं असतं.)

मग तपासणी आली. नवे इन्स्पेक्टर पुण्याकडचे, त्यांना उर्दूचं अक्षर लागत नव्हतं, आणि आमच्या शेरेबुकातले आधीच्या साहेबांचे शेरे सगळे उर्दूत. हेडमास्तरांनी शेरेबुक माझ्या हाती दिलं आणि प्रत्येक शेऱ्याखाली इंग्रजी तर्जुमा लिहायला सांगितला. साहेब जेवायलाही माझ्याकडेच येणार होते. जेवण झालं की ते त्याच बुकात शेरा लिहिणार आणि त्या शेऱ्यावर मी कायम होणार की घरी बसणार, हे ठरणार होतं.

रविवारी दुपारी मी बैठक मांडून लिहायला बसलो. पोरांना शिकवलं गेलेलं आहे, आवार झाडलं गेलेलं आहे, अशी चार पानं झाली. तेवढ्यात आई बाहेर आली आणि म्हणाली, "माझा अडकित्ता हरपला."

पुन्हा तेच! मी म्हणालो, अडकित्त्याला काय पाय फुटलेत? हरपला नाही, कोणीतरी हरपवला, आणि मला नाव पाहिजे, आत्ता पाहिजे! असं म्हणून मी चौरंगावर मूठ आपटली. दौत उडाली आणि सबंध शाई शेरेबुकावर पसरली. अडकित्ता त्याच पानावर होता. पान उडू नये म्हणून मीच सकाळी आईच्या चंचीतून काढून ठेवला होता.

बायको म्हणाली, धोतरावरचे शाईचे डाग ताकानं जातात. ती धोतराबद्दल बोलत होती, पण ऐकून घेईन तर तो मी कसला! तांब्याभर ताक मी पानांवर ओतलं. डाग गेला नाही, तो निळा होता तो आंबट झाला. मग वाळवायला म्हणून बुक चुलीच्या वैलावर ठेवलं आणि ताक कसं ओतू दिलंस म्हणून बायकोशी भांडत बसलो. भांडण रंगलं. वास आला तेव्हा चारही कोपरे तपकिरी झाले होते.

तपासणीच्या दिवशी पोरांनी नाव काढलं. साहेब विचारतील ते वाक्य पोरं कर्मणीत उलटून देत होती, आणि करणारा एकाही वाक्यात सापडत नव्हता. साहेब खूष झाले. घरी पुरणपोळीवर तुटून पडले, तृप्तीनं ढेकर दिली आणि म्हणाले, "आणा ते शेरेबुक. तुमचं काम करून टाकू."

मी बुक पुढे ठेवलं. साहेबांनी आधी पाहिलं, मग हुंगलं.

मी हात जोडून म्हणालो, "सर, द बुक हॅज बीन डॅमेज्ड."

"बाय हूम?"

"इट इज नॉट नोन, सर."

साहेबांनी माझ्याकडे टक लावून पाहिलं. मग तूप घेऊन आलेल्या माझ्या बायकोकडे वळून सरळ मराठीत विचारलं, "वहिनी, हे कोणी केलं हो?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी डोळ्यांनी विनवत होतो, की बाई, 'झालं' म्हण, नुसतं 'झालं' म्हण. पण आतून आईचा आवाज आला, "सांग की. नाव घेतल्याबिगर वाक्य संपवायचं न्हाई, असा हुकूम हाय."

"नुसतं कसं घिऊ, सासूबाई? नवऱ्याचं नाव हाय," बायको म्हणाली. मग तिनं पदर नीट केला, तुपाची वाटी खाली ठेवली आणि पंगतीत घेतात तसं खणखणीत नाव घेतलं:

"दौत सांडली, ताक ओतलं, वैलावर भाजली पानं,
विश्वनाथरावांनी केलं सारं, सोताच्या हातानं!"

साहेबांना ठसका लागला. पाणी पिऊन, डोळे पुसून त्यांनी त्याच करपलेल्या पानावर शेरा लिहिला आणि मला मोठ्यानं वाचायला लावला. त्यात माझ्या शिकवण्याची स्तुती होती. शेवटचं वाक्य होतं, 'धिस बुक हॅज बीन रुइन्ड बाय द इंग्लिश टीचर.' करणाऱ्यासकट. मी आणखी एक वर्ष हंगामी राहिलो.

चार दिवसांनी मी शाळेतून आलो तर बायको मोरीपाशी उभी, पायाशी कपाचे तुकडे. मी विचारलं, काय झालं?

तिनं पदर नीट केला. मग म्हणाली, "नाव घिऊ का?"

"नको," मी म्हणालो. "फुटला असेल." सकाळी घाईत तो मोरीच्या अगदी काठावर मीच ठेवून गेलो होतो.