शेवटच्या घरापासून

भिंगरीला शांत बसलेलं मी दोनदाच पाहिलं. एरवी ती वर्गात बाकावर असायची खरी, पण त्याला कुणी बसणं म्हणणार नाही. पाय बाकाखाली सारखा हालतोय, नजर खिडकीबाहेर, हात वेणीशी चाळा करतोय आणि त्या वेणीत खोचलेला पेचकस. बाकीच्या मुली शेवंती माळायच्या, ही पेचकस माळायची. आमचे विज्ञानाचे सर वैतागून म्हणत, "अगं, जरा टेक कुठंतरी!" त्यावर तिचं उत्तर ठरलेलं असे, "टेकलं का गंजते, सर." तिचं खरं नाव हजेरीपटात होतं आणि ते तिथंच राहिलं. सरसुद्धा हजेरी घेताना चुकून भिंगरी म्हणून जायचे.

आमचं गाव घाटंजीच्या पुढं. ती बोंडअळीची वर्षं होती. बाहेरून बोंड टपोरं दिसायचं आणि उघडलं की आत गुलाबी अळी. त्या वर्षांत गावात कुणाचंच चित्त थाऱ्यावर नव्हतं. माणसं चावडीवर बसायची, उठायची, पुन्हा बसायची. कापूसच पुरेसा येत नव्हता म्हणून सरकी काढायची जिनिंग गिरणी अर्ध्या हंगामात बंद पडली. भिंगरीचे बाबा तिथं हमाल होते. काम सुटल्यावर तेही दिवसभर अंगणात येरझारा घालू लागले. तिची आई माझ्या आईला म्हणाली होती, "एक भिंगरी पुरे नव्हती बाई, आता घरात दोन झाल्या."

अशा दिवसांत कुठल्याशा संस्थेनं आमच्या शाळेला रोबोट बनवायचं सामान दिलं. सरांनी ते हरवू नये म्हणून कपाटात ठेवलं, कपाटाला कुलूप लावलं आणि किल्ली स्वतःच्या जानव्याला नाही तरी खिशाला बांधली. भिंगरी रोज मधल्या सुट्टीत त्या कपाटासमोर जाऊन उभी राही. शेवटी एक दिवस तिनं विचारलं, "कुलपातली मशीन अन् मेलेली मशीन, फरक काय हाय सर?" सरांनी बराच वेळ चष्मा पुसला आणि किल्ली दिली. आम्ही पाच जण गोळा झालो आणि आमचा रोबोट-संघ तयार झाला. कॅप्टन कोण, हे विचारायचीही गरज पडली नाही.

दर शनिवारी आपली मशीन गावाला दाखवायची, हे तिनंच ठरवलं. सरपंचांनी लगेच निरोप धाडला की पहिला मान आमच्या ओसरीचा. भिंगरी म्हणाली, "शेवटच्या घरापासून सुरू करू. पयल्या घराले सगळंच पयले भेटते." शेवटचं घर म्हणजे नाल्यापलीकडचा पोड, कोलामांची वस्ती, आणि त्यातही टोकाची गिरजाआजीची झोपडी. तिथून आम्ही तांड्यावर गेलो, मग भिंगरीच्या वस्तीतल्या विहारात, मग मंदिराच्या पारावर, आणि सगळ्यात शेवटी सरपंचांकडे. तोवर बॅटरी संपलेली. सरपंचांनी त्या निपचित डब्याभोवती एक फेरी मारली आणि "वा, वा" म्हणाले. त्यांना चहापाण्याचा खर्च करावा लागला तो वेगळाच.

तिचा दुसरा नियम त्याहून कठीण होता. "ज्यानं पाह्यलं, त्याचा हात लागला पाह्यजे. नुसतं पाहून कोनाले आपलं वाटत नाही." मग म्हाताऱ्या यायच्या, शेंबडी पोरं यायची, एकदा तर एक बकरीही आली. आमच्यातला प्रमोद चिडायचा. सरपंचांचा पुतण्या तो, त्याला मशीनभोवती दोरी बांधायची होती. "जत्रेतलं खेळनं करून टाकलं हिनं," तो म्हणे. तांड्यावरच्या एका चिमुरडीनं एकदा वायर उपसून काढली आणि भ्यायली. प्रमोद तिच्यावर खेकसणार तेवढ्यात भिंगरीनं वेणीतला पेचकस काढून त्या पोरीच्या हातात दिला. "तोडलं ना? आता जोड." अर्धा तास गेला, पण पोरीनं जोडलं. पुढच्या शनिवारी ती आमच्या आधी येऊन बसली होती.

त्या वर्षी नागपूरला स्पर्धा होती. आम्ही कापूस वेचणारा यांत्रिक हात बनवला. काय देखणा हात होता तो! तीन बोटं मिटायची, बोंडातला कापूस धरायची, अलगद ओढायची. सर तर त्याच्याकडे सुनेकडे पाहावं तसं कौतुकानं पाहायचे. आम्ही तो आमच्याच शेतात नेला. तिथं वेचणी चालू होती. भिंगरीची आई त्यात होती आणि गिरजाआजीही. आजीनं कमरेला बांधलेली कापसाची ओटी सावरत हाताचा सगळा खेळ पाहिला आणि खो खो हसली. "हा कापूस वेचन, तं माह्या हातानं मी काय करू? माश्या मारू?"

सगळ्या बाया हसल्या. भिंगरीची आई मात्र हसली नाही. ती वाकली आणि पुढच्या पऱ्हाटीचा कापूस वेचायला लागली. भिंगरीनं ते पाहिलं. ती आजीजवळ गेली.

"मंग तुले काय पाह्यजे, आजी?"

"मले?" आजीला बहुतेक आयुष्यात हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. तिनं जरा विचार केला. "वेचनं जड नाही लागत वं पोरी. वाहनं जड लागते. ओटी भरली का वावराच्या धुऱ्यापावतर जा, रिकामी कर, पुन्हा ये. कंबर मोडते."

दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेले तर भिंगरी जमिनीवर, आणि तो देखणा हात तिच्याभोवती सुटा होऊन पडलेला. मी धावत पुढं झाले. "काहून खोलून राह्यली वं? नागपूर तोंडावर आलं!"

"जिच्यासाठी बनवला तिलेच नको हाय, तं नागपूरले कोनाले दाखवू?"

त्या दिवशी आमची कडाक्याची भांडणं झाली. प्रमोद दप्तर आपटून निघून गेला आणि दोन दिवसांनी परत आला. मीही तिला नाही नाही ते बोलले, कारण मला तिच्या घरची गोष्ट ठाऊक होती. तिच्या बाबांनी अट घातली होती. "हे खेळनं नागपूरले चालून दाखव. चाललं, तं यवतमाळले डिप्लोमाले धाडतो तुले. नाही चाललं, तं धाव्वी झाली का मामाकडं मारेगावले जा, काही हाताचं काम शिक." बाबा वाईट नव्हते. हातातलं काम गेलेला माणूस होता तो, आणि पोरगीही रिकाम्या हातानं राहील याची त्यांना धास्ती होती. भिंगरीचा डिप्लोमा त्या मशीनवर होता आणि तीच पेचकस घेऊन मशीन खोलत बसली होती.

आम्ही गाडा बनवला. फवारणीच्या पंपाची बॅटरी, लहान मुलाच्या तीनचाकीची चाकं, वर पोत्याची झोळी. समोर दोन गोल जाळीदार डोळे बसवले होते. त्यांतून आपल्याला ऐकू न येणारा आवाज निघायचा, पुढच्या माणसावर आपटून परतायचा आणि गाड्याला कळायचं की बाई किती पुढं गेली. ती चालली की गाडा चालणार, ती थांबली की थांबणार. ओटी भरली की मागं वळून गाड्यात रिकामी करायची, धुऱ्यावर, शेताच्या बांधापर्यंत जायचं कामच नाही. पहिल्यांदा गाडा गिरजाआजीच्या मागोमाग सरीतून गेला तेव्हा ती चार पावलं चालायची, मागं वळून पाहायची आणि तोंडाला पदर लावून लाजायची. "नातू हाय वं माहा," ती सगळ्यांना सांगत सुटली. "मागं मागं येते."

निघायच्या दिवशी सकाळी सगळं गाव एसटीपाशी लोटलं होतं. भिंगरी इकडून तिकडं पळत होती, बॅटरी आली का, पाना घेतला का, सर कुठं आहेत. मी गाड्याजवळ उभी होते. पोडावरून चालत आलेली गिरजाआजी त्याच्यासमोर उकिडवी बसली, त्याच्या तोंडावरून हात फिरवला आणि स्वतःच्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. कंडक्टर ओरडला, आम्ही गाडा चढवला आणि निघालो. भिंगरीचे बाबाही सोबत होते, धुतलेला सदरा घालून.

नागपूरला गाडा हलला नाही. खोटं कशाला सांगू, एकदा हलला, तो सरळ परीक्षकांच्या टेबलावर जाऊन आपटला. भिंगरीनं वायरी तपासल्या, बॅटरी बदलली, प्रोग्राम पुन्हा टाकला. घामानं तिची वेणी मानेला चिकटली होती. शेजारच्या संघातली मुलं मदतीला धावली, त्यांनाही काही सापडलं नाही. आमची वेळ संपली. परीक्षक भले माणूस होते. "कल्पना छान आहे," ते म्हणाले. ते वाक्य ऐकलं की आपण हरलो हे कुणालाही समजतं. बाबा भिंतीशी उभे होते. त्यांनी पोरीकडे पाहिलं आणि पिशवी उचलली.

परतीच्या एसटीत बाबा पुढं बसले होते, सर आणि बाकीचे मध्ये, आणि आम्ही दोघी गाडा घेऊन मागच्या बाकावर. खिडकीतून उन्हं कलताना दिसत होती. भिंगरीनं सवयीनं पेचकस काढला आणि गाड्याचे डोळे सोडवून हातात घेतले. ती जाळी मुळातच काळपट, त्यामुळं दिवसभर कुणाला संशय आला नव्हता. तिनं बोट फिरवलं, बोट काळं झालं. तिनं वास घेतला आणि माझ्या नाकापुढं धरलं. एरंडेलाचा वास. पोडावरच्या प्रत्येक लेकराच्या डोळ्यांत असतं ते, गिरजाआजीच्या हातचं काजळ. नातू परगावी निघाला म्हणून आजीनं दोन्ही डोळे भरून काजळ घातलं होतं. त्या जाळीतून आवाज बाहेर पडणार कुठून?

"सांग ना वं बाबाले," मी उठलेच. "तुही चूक नाही म्हनून सांग. आत्ताच्या आत्ता सांग."

तिनं माझा हात धरून मला खाली बसवलं. "सांगतलं, मंग? प्रमोद आयकन. उद्या सारं गाव म्हनन का पोडावरच्या म्हातारीनं हात लावला अन् वाटोळं केलं. मंग येत्या शनवारी मशीन पोडावर जाईन काय? कोनाले हात लाऊ देतीन काय?"

"अन् तुहा डिप्लोमा?"

डोळे तिनं मुठीत धरले होते आणि तिचा पाय थांबला होता. कळंब आलं, कळंब गेलं, पाय हालला नाही. भिंगरीला शांत बसलेलं पाहिलं ते तेव्हा, पहिल्यांदा. मला त्याचीच भीती वाटली. तिनं मला शपथ घातली आणि मी ती घेतली.

गावात उतरलो तर आजी वाट पाहत होती. बक्षीस वगैरे तिच्या खिजगणतीत नव्हतं. तिनं एकच विचारलं, "दृष्ट नाही ना लागली वं माह्या नातवाले?"

"नाही आजी," भिंगरी म्हणाली. "कोनाचीच नाही लागली."

दहावीचा निकाल लागला आणि ती मारेगावला मामाकडे गेली. सरांनी बाबांची खूप मनधरणी केली, पण सरांजवळ तरी सांगण्यासारखं काय होतं? "हातच कच्चा हाय पोरीचा, सर," बाबा म्हणाले, "मीच पाह्यलं ना." ती निरोप घ्यायला आली नाही. शाळेत गेलो तर गाडा पूर्ण सुटा करून ठेवलेला, सगळे भाग ओळीनं मांडलेले. आता तुम्ही जोडा, असंच ते सांगणं होतं. आम्ही जोडला. पोडावरची पोरंही बसली होती जोडायला. फक्त डोळे तिथं नव्हते, ते नवे आणावे लागले.

मी पुढं शिकले, नोकरी धरली, तरी शनिवारी सुट्टी असली की माझे पाय शिवशिवतात. गावचा संघ अजून आहे आणि तो अजून नाल्यापलीकडून सुरुवात करतो. त्याची कॅप्टन यंदा पोडावरची एक मुलगी आहे, गिरजाआजीच्या शेजारघरची. आजी आता नाही. तिला कुणी बोल लावेल ही भीतीही आता नाही, म्हणून शपथ मोडून हे लिहिते आहे. भिंगरी मला चार शब्द सुनावणार. सुनावू दे. तिच्या बाबांनी हे वाचावं असं मला फार वाटतं.

गेल्या दिवाळीत मी मारेगावला गेले होते. बाजाराच्या तोंडाशी तिचं दुरुस्तीचं दुकान आहे. मिक्सर, पंखे, फवारणीचे पंप. जो दुरुस्तीला आणतो त्याच्याच हातात ती पेचकस देते आणि शेजारी उभी राहून उघडायला लावते. गिऱ्हाइकं आधी कुरकुरतात, मग शिकतात. टेबलावर एका डबीत ते दोन डोळे होते, काळे ते काळेच. "पुसले नाहीस?" मी विचारलं. "राहू दे," ती म्हणाली, "दृष्ट लागते." ती स्टुलावर होती आणि तिचा पाय टेबलाखाली जोरात हालत होता. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू.

तिचे बाबा दाराशी खुर्ची टाकून बसले होते. थकलेत आता, तिच्याकडेच असतात. मला म्हणाले, "सारं मारेगाव येते हिच्याकडं. लय पक्का हात हाय पोरीचा." मग जुन्या दुखण्याविषयी बोलावं तसं म्हणाले, "एकडावच चुकला. नागपूरले. काय झालतं त्या दिवशी, कोनाले ठाऊक."

टेबलाखालचा पाय थांबला.

"काका," मी म्हणाले, "त्या दिवशी…"

भिंगरीनं एक उघडा मिक्सर माझ्या पुढ्यात सरकवला आणि वेणीतला पेचकस काढून माझ्या हातात दिला. "धर. तुहाई हात लागू दे."

वाक्य तसंच सोडून मी पहिला स्क्रू शोधू लागले. जरा वेळानं टेबलाखाली तिचा पाय पुन्हा हालायला लागला.