सुतकातलं कोलम

बाळकृष्णरावांनी उभ्या जन्मात नियम मोडला नाही. ओरत्तनाडूच्या तालुका कचेरीत बत्तीस वर्षं कारकुनी केली, पण राहुकाळात सही म्हणून केली नाही. साहेब ओरडून थकले. अशा माणसाच्या तंजावरातल्या दारात अकरा महिने कोलम नव्हतं. इथे पहाटे ज्या उंबऱ्यापुढे तांदळाच्या पिठाची रांगोळी नाही, त्या घरात कुणी गेलं असंच लोक धरून चालतात. दूधवाल्याने तर हळूच विचारलंही, कोण गेलं म्हणून.

कुणी गेलं नव्हतं. रावांची बायको धनलक्ष्मी आत भिंतीकडे तोंड करून पडली होती. तीनदा गोळ्या बदलल्या, गुण शून्य. एका दुपारी ती परसातल्या विहिरीत पाय सोडून काठावर बसलेली सापडली. तेव्हापासून विहिरीवर लोखंडी जाळी, जाळीला कुलूप आणि किल्ली रावांच्या जानव्याला. बिचारे अंघोळही दार उघडं टाकून करत.

शेवटी डॉक्टरीणबाईंनी चुंबकाचा उपचार सुचवला. शॉक नव्हे, डोक्याला डाव्या अंगाने तारेचं एक वेटोळं टेकवायचं, वीस-पंचवीस मिनिटं टकटक. आठवड्याचे पाच दिवस, सहा आठवडे, आणि खाडा करायचा नाही. बुडत्याला काडीचा आधार! पहिल्या दिवशी मात्रा ठरवताना टक झालं की धनलक्ष्मीचा उजवा अंगठा आपोआप उडायचा. पिठाची चिमूट धरणारा अंगठा तो. राव बाहेर येऊन लहान मुलासारखे रडले.

तीन आठवडे काहीच नाही. चौथ्यात एकदा जेवताना ती म्हणाली, "रसमांत मीठ कमी." एवढंच. रावांना आभाळ ठेंगणं झालं.

आणि नेमके त्याच आठवड्यात पापनाशमला रावांचे सख्खे चुलतभाऊ रघुराम वारले. दहा दिवसांचं सुतक लागलं. घरात रावांची थोरली विधवा बहीण गंगाअक्का. तिच्यापुढे देवाचंही चालत नसे.

"तीट्टु लागलंय, बाळू. धा दिवस कुणाच्या दारीं जायाचं नाही. मशीन काय पळून जातें?"

रावांनी दवाखान्यात फोन केला. "आत्ता थांबू नका हो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "दहाच दिवस," राव म्हणाले. शहाणपणाच्या वेषात येतो तो मूर्खपणा सर्वांत वाईट.

चौथ्या दिवशी धनलक्ष्मीचं तोंड पुन्हा भिंतीकडे वळलं. सहाव्या दिवशी तिने अगदी शांतपणे विचारलं, "विहिरीची किल्ली कुठें आहे?" रावांनी जानवं चाचपलं. चारच दिवस तर राहिले, म्हणाले मनाशी.

सातव्या दिवशी उजाडता उजाडता जाग आली तर अंथरूण रिकामं. राव परसात धावले. कुलूप जागेवर. मग दिसलं, पुढचं दार सताड उघडं आहे. धनलक्ष्मी उंबऱ्यापुढे उकिडवी बसली होती. ठिपके वेडेवाकडे पडलेले, रेघ मध्येच तुटलेली.

"मज जमेना," ती म्हणाली. "मज त्या मशीनकडं घेऊन चला. आजच. नाहीतर मी राहत नाही."

इतक्यात अक्का बादली घेऊन धावत आली. "अय्यो! तीट्टांत कोलम? पूस आधीं!"

राव मध्ये उभे राहिले. बादलीतलं निम्मं पाणी त्यांच्या धोतरावर सांडलं.

"रघुरामाचं तीट्टु तूं धर, अक्का," ते म्हणाले. "हिचं धरायची मज ताकद नाही."

सोमवार होता. साडेसात ते नऊ राहुकाळ. आठला रिक्षा दारात आली.

"मागचं किती पुसलं गेलं, सांगता येत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मात्रा नव्याने ठरवायची होती. वेटोळं टेकलं. पहिल्या टकला काही नाही, दुसऱ्याला नाही. तिसऱ्याला अंगठा उडाला. नखात अजून पीठ होतं.