अंजनाबाईंचं राहिलेलं वाक्य

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिच्यापासून मी विडीसुद्धा लपवली नव्हती. आता ती गेली. तुम्हालाच का सांगतोय? तुम्ही ना रोहण्याचे, ना माझ्या नात्यातले. तुमच्यापुढे मान खाली घालणं सोपं जाईल, असं वाटलं. पण बघा, इथेही माझे आढेवेढे सुरूच आहेत.

पंचावन्न-छप्पन सालची गोष्ट. आर्वी तालुक्यातल्या रोहण्याच्या शाळेत मी मास्तर होतो. वय पंचवीस. मूळचा समुद्रपूरकडचा, म्हणजे घरी 'मले-तुले'च. पण ट्रेनिंगला असताना ते सगळं जिभेवरून खरवडून काढलं होतं, आणि वर्गात एखादं पोर 'मले' म्हणालं की त्याच्या हातावर छडी द्यायचो. शुद्ध बोलण्याचा फार ताठा होता मला. लोक रामराम घालायचे, पण मी पारावर गेलो की त्यांच्या गप्पा थांबायच्या. ते मला खुपायचं — खोटं कशाला बोलू, फार खुपायचं.

शाळेमागच्या गल्लीत अंजनाबाई शिवणयंत्र चालवत. पंचेचाळिशीच्या, एकट्या, भावाने दिलेल्या एका खोलीत राहायच्या. बायकांचे झंपर, पोरींचे परकर शिवायच्या. आणि सांगायच्या की तरुणपणी आपण मुंबईला मुक्या सिनेमात काम केलं. गाव हसायचं. 'अंजनीच्या थापा' असा शब्दच रूढ झाला होता. कुणी फार फुगवून सांगू लागला की लोक म्हणायचे, चाल, अंजनीच्या थापा नोको मारू.

मी सदऱ्याला बटणं लावून घ्यायला जायचो आणि ऐकत बसायचो. मावशीबरोबर त्या मुंबईला गेल्या, आधी गर्दीत उभ्या राहिल्या, मग सखी झाल्या, मग राणी. पाच-सहा वर्षं चाललं. रस्त्यात लोक मागे वळून पाहायचे म्हणे. मग बोलपट आले, आणि एका खोलीत उभं करून त्यांच्या आवाजाची परीक्षा घेतली. "मले म्हणे, बोला. म्या तोंड उघडलं अन् बाप्पा! सारेच हासाले लागले, गुरुजी. कॅमेरेवालाई हासला." दुसऱ्या दिवसापासून बोलावणं बंद. वर्षभर वाट पाहून त्या गावी परतल्या. हे सांगताना त्या दातांनी धागा तोडायच्या, मान डावीकडे कलवून, डोळे घट्ट मिटून. ही लकब लक्षात ठेवा, पुढे लागेल.

त्या वर्षी गावात टुरिंग टॉकीजचा तंबू आला. वाऱ्याने पडदा टरकला, म्हणून मालकाने तो अंजनाबाईंकडे शिवायला दिला. शिवलेला पडदा परत करायला गेल्या, तर तिथे एका जुन्या पेटीवर त्यांना आपल्याच एका सिनेमाचं चित्र दिसलं. मुक्या सिनेमाच्या रिळांची पेटी. आवाजाचं मशीन रुसलं तर अडायला नको, म्हणून मालक ती सोबत ठेवायचा. आणि त्या आठवड्यात मशीन रुसलेलंच होतं.

मुक्या सिनेमात मधूनमधून पाट्या येतात. त्या मोठ्याने वाचणारा कुणीतरी लागतो, कारण गावात वाचता येणारे थोडेच. मालक माझ्याकडे आला. त्याच्या पाठोपाठ अंजनाबाई आल्या — माझ्या दारात पहिल्यांदाच. पदर सावरत म्हणाल्या, "गुरुजी, थे राणी मीच हावो. म्या सांगतलं तं कोणी मानत नाई. खेळ सरला का तुम्ही तेवढं सांगजा. शुद्ध भाषेत सांगजा. तुमचं आयकतीन लोक."

मी हो म्हणालो. एक वाक्य तयार केलं, त्यांना म्हणून दाखवलं. त्यांनी ते पुन्हा म्हणायला लावलं. मग तिसऱ्यांदा.

दिवेलागणीनंतर तंबू भरला. पुरुष पुढे, बायका मागे. मी पत्र्याचा भोंगा घेऊन पडद्याशेजारी उभा. राणी आली — आणि मला शंकाच उरली नाही. हार गुंफताना तिने दातांनी धागा तोडला. मान डावीकडे, डोळे घट्ट मिटलेले. पडद्यावरची नवी शिवण बरोबर तिच्या गालावरून जात होती. थापा नव्हत्या त्या. एकही नव्हती.

राजा लढाईहून परत आला. मी पाटी वाचली, "नाथ, आपल्या वियोगात मला अन्न गोड लागले नाही." तंबू ढिम्म. लोक जांभया देत होते, कुणीतरी शिटी मारली. माझ्या शुद्ध मराठीवर शिटी! आणि मग —

मग मी काय केलं? मी भोंगा तोंडाला लावला आणि राणीला अंजनाबाईंच्या आवाजात बोलतं केलं. तोच हेल, तोच 'बाप्पा'. "काऊन जी महाराज, इतके दिवस कुठी गेलते? बाप्पा! मले तं भाकर गोड नाई लागली!"

तंबू फुटला. माणसं एकमेकांच्या अंगावर पडून हसली. पारावर गप्प होणारी तीच माणसं मला टाळ्या देत होती, 'अजून, गुरुजी, अजून' म्हणत होती. मी दिलं अजून. पाटी आली की एकदा शुद्धात वाचायचो आणि मग तिच्या तोंडी वऱ्हाडी घालायचो. ज्या हसण्यापायी त्या बाईचं सगळं गेलं होतं, तेच हसू मी तिच्या गावात, तिने शिवलेल्या पडद्याशेजारी उभा राहून काढत होतो. विसरलो होतो का मी? नाही हो. मला ते चांगलं आठवत होतं. जीभ थांबली नाही, एवढंच.

खेळ संपत आला तेव्हा एक म्हातारा शेतकरी उभा राहिला. तो हसत नव्हता. म्हणाला, "गुरुजी, तोंडवळा तं अंजनीसारखाच दिसते. खरंच थेच हाये का जी?"

नुसतं 'हाव' म्हटलं असतं तरी चाललं असतं. वाक्य तर तोंडपाठ होतं. पण सगळा तंबू माझ्याकडे पाहत होता, पुढच्या हशाची वाट बघत. मी म्हणालो, "कुठं राजाची राणी, अन् कुठं झंपर शिवणारी!"

सगळ्यात मोठा हशा त्यालाच पिकला.

दुसऱ्या दिवशी दुपारी सदरा आणायला गेलो. जायलाच नको होतं, पण न जाणं अधिक दिसलं असतं. अंजनाबाईंनी घडी घातलेला सदरा हातात दिला. "आवाज चांगला हाये जी तुमचा, गुरुजी. मांग बसलो होतो आम्ही बाया, तरी सारं साफ आयकू आलं." आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता. त्यांनी पुढचं काम ओढलं आणि धागा कात्रीने कापला.

त्यानंतर त्यांनी सिनेमाचं नाव काढलं नाही. कुणी मुद्दाम चिडवलं तर म्हणायच्या, थापा होत्या बाप्पा त्या. हे त्यांच्याच तोंडून मी ऐकलंय.

तीन वर्षांनी त्या तापाने गेल्या. त्यांच्या दारातल्या पायरीवर बसलेली एक शेजारीण डोळे पुसत म्हणाली, "थापा मारे, पण मनाची लय चांगली होती बिचारी." बाकीच्यांनी माना डोलावल्या. मी तिथेच उभा होतो. आता तर कुणी हसणारही नव्हतं. कुणाला भ्यायचं होतं मला?

मीही मान डोलावली.

ते वाक्य मला अजून पाठ आहे. तीनदा म्हणून दाखवलं होतं, तसंच्या तसं —

मंडळी, आत्ता पडद्यावर पाहिली ती राणी दुसरी-तिसरी कुणी नसून, आपल्या रोहण्याच्या अंजनाबाई आहेत.