करुणाने दिलेली साक्ष

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, पाळकसाहेबांना नाही. प्रार्थनेत गुडघ्यावर असतानासुद्धा नाही — तिथं तर मी बाकीची पापं भराभर कबूल करून उठायचो, आणि हे एक तेवढं मागे ठेवायचो. आज सांगतोय. तुम्हाला बरं वाटावं म्हणून नाही.

तुम्ही मला ओळखता ते सकाळच्या मननामुळे. अकरा वर्षं झाली. सहा वाजता आपल्या चर्चच्या मंडळीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर बायबलमधलं एक वचन, आणि त्याखाली रोजच्या जगण्यातलं काहीतरी. नळाला पाणी नाही, तर शेजारणीला आपल्यातला हंडा द्या. रिक्षाच्या रांगेत कुणी मध्ये घुसलं, तर चिडू नका. अंबरनाथच्या एका कारखान्यात तीस वर्षं लेथवर उभा राहिलेला माणूस मी, पण मला लिहिता येतं. चांगलं येतं. आता खोटी नम्रता कशाला?

सगळं तिथूनच सुरू झालं. नाही — त्याच्याही आधीपासून. करुणापासून.

करुणा माझी धाकटी बहीण. नऊ वर्षांनी लहान. आई गेल्यावर तिच्या वेण्या मी घालायचो, वेड्यावाकड्या. तीच करुणा पुढे एक दिवस म्हणाली की ती प्रकाशशी लग्न करणार. प्रकाश सिंधी, उल्हासनगर कॅम्प एकमध्ये त्यांचं पडद्यांच्या कापडाचं दुकान. वडील अंथरुणाला खिळलेले, त्यामुळे घरात शब्द माझा. मी ओरडलो नाही. ओरडलो असतो तर बरं झालं असतं. बुवापाड्यातल्या आमच्या दोन खोल्यांत, दारात शेजारी जमलेले असताना, मी ख्रिस्ती नसलेल्या, अविश्वासी माणसाबरोबर एका जोखडाखाली जाऊ नये हे वचन काढलं आणि सावकाश, स्पष्ट, वाचून दाखवलं. मग तिची बॅग उघडून आतलं आईचं बायबल काढून घेतलं. म्हणालो, हे विश्वासी घरातलं आहे, इथेच राहील.

ती रडली नाही. बॅगेची चेन लावली आणि गेली.

त्याच बायबलातून मी तुम्हाला अकरा वर्षं लिहितोय. ज्या ओळींखाली पेन्सिलीच्या रेघा आहेत म्हणून मी कौतुकाने फोटो टाकले, त्या रेघा आईच्या. ते करुणाला परत द्यायला हवं हे मला कळतं. अजून माझ्याच टेबलावर आहे.

पण हे सांगायला मी बसलेलो नाही. हे अर्ध्या बुवापाड्याला माहीत आहे.

तीन वर्षांपूर्वी, उपवासकाळात, मननाला वचन होतं समेटाचं. वेदीपाशी अर्पण घेऊन आलास आणि आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे, तर अर्पण तिथंच ठेव, आधी जाऊन समेट कर. खाली उदाहरण हवं होतं. मी लिहिलं — परवा शनिवारी मी बहिणीकडे गेलो. जिना लिहिला. दम लागला ते लिहिलं. दार उघडल्यावर तिचे पिकलेले केस लिहिले, मग दोघांचं रडणं, मग ताटातली सिंधी कढी आणि भात.

मी गेलोच नव्हतो. तिचे केस पिकलेत की नाही हेही मला ठाऊक नव्हतं. सतरा वर्षं मी तिला पाहिलं नव्हतं. किती लांब होती ती? रिक्षाने पाऊण तास.

त्या सकाळी 'आमेन' मोजता येईनात. पाळकसाहेबांनी रविवारी ते व्यासपीठावरून वाचलं. बदलापूरच्या सरोजबाई, ज्यांचं लेकीशी कित्येक वर्षं बोलणं बंद होतं, त्या ते वाचून खरोखर लेकीच्या दारात गेल्या. पुढच्या महिन्यात तिला घेऊन उपासनेला आल्या आणि नातीला माझ्या मांडीवर ठेवलं. तेव्हा सांगून टाकावंसं वाटलं का? वाटलं. पण ती नात माझ्या शर्टाच्या बटणाशी खेळत होती, सगळे माझ्याकडे पाहत होते — आणि मला ते आवडलं. हो, आवडलं.

मग एका रविवारी करुणा आली.

शेवटच्या रांगेत बसली. केस पिकले होते. ग्रुपमधल्या कुणीतरी ते मनन तिला पाठवलं होतं. शेजारी बसलेल्या सरोजबाईंनी नाव विचारलं, तिनं कुणाची बहीण ते सांगितलं, आणि दुसरं गीत संपेपर्यंत सगळ्या मंडळीला कळलं. साक्ष द्यायची, आपला अनुभव सांगायची वेळ आली तशा सरोजबाई तिला हाताला धरून पुढे घेऊन गेल्या. पाळकसाहेबांनी माईक दिला. दादा आले तेव्हा काय झालं, सांगा ना ताई, म्हणाले.

मी तिसऱ्या रांगेत होतो. उठायला वेळ होता मला. नव्हता असं म्हणू नका — भरपूर होता. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि थांबली. मी काय केलं? गीताच्या पुस्तकाचं पान उलटलं.

"आला होता," करुणा म्हणाली. "भूक लागली होती त्याला. जेवून गेला."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आमेन म्हणाले. मीही म्हणालो — नेहमीपेक्षा मोठ्यानं.

हे सांगायचं होतं. जिला मी या मंडळीत बसायला नालायक ठरवून घराबाहेर काढलं, तिला मी वेदीसमोर उभं राहून माझ्यासाठी खोटं बोलू दिलं. आणि त्यावर आमेन म्हणालो.

बाहेर फाटकापाशी ती रिक्षासाठी उभी होती. मी गेलो. ती शांतपणे म्हणाली, "तीन शनिवार वाट पाहिली, दादा. वाटलं, तू आधी लिहिलंस, आता येशील."

मी म्हणालो, तब्येत बरी नव्हती.

ती 'बरं' म्हणाली आणि रिक्षात बसली. त्यानंतरही मी गेलेलो नाही. रोज सकाळी सहाला मनन मात्र पाठवलं. सत्यावरसुद्धा दोनदा लिहिलं, आणि ती दोन्ही तुम्ही पुढे पाठवलीत.

आता तुम्ही काय म्हणाल ते मला माहीत आहे. इतकी वर्षं मीच तुम्हाला ते बोलायला शिकवलंय. म्हणाल, प्रभूनं हेसुद्धा वापरून घेतलं. नाही. सरोजबाईंची लेक घरी आली, कारण सरोजबाई स्वतः जिना चढल्या. त्यात माझा वाटा शून्य. म्हणाल, सैतानानं मोहात पाडलं. त्या पहाटे टेबलापाशी चहाचा कप होता आणि मी होतो, तिसरं कुणी नव्हतं. म्हणाल, बहिणीनं क्षमा केली म्हणूनच तशी बोलली. तुम्हाला कुणी सांगितलं? ती असं कधी म्हणालेली नाही. तिच्या तोंडी शब्द घालायचं काम मी एकदा केलंय, तुम्ही करू नका.

आणि ती खोटं बोलली असंही कुणी म्हणायचं नाही. खोटं मी लिहिलं होतं. तिनं फक्त वाचून दाखवलं.

पाळकसाहेब म्हणतील, आधी एकट्यात माझ्याशी बोलायचं होतं. म्हणूनच बोललो नाही. टाळ्या सगळ्यांसमोर घेतल्या, तर हेही सगळ्यांसमोरच. ग्रुपवरून काढून टाकलंत तर रविवारी उभा राहून तोंडी सांगेन. मला बसवायला कुणालातरी उठावं लागेल.

याखाली जोडलेले हात पाठवू नका. आमेन तर नकोच.

तुमच्याआधी हे मी करुणाला पाठवलंय. वाचल्याच्या दोन निळ्या खुणा दिसल्या. उत्तर आलेलं नाही. आलं, तर ते मी तुम्हाला सांगणार नाही.