नाव घातलेल्या बॅटऱ्या

नऊवारी लुगडं, कानात जड सोन्याच्या कुड्या, कपाळावर ठसठशीत कुंकवाच्या जागी गोंदलेला हिरवा ठिपका आणि दोन्ही हातांत कोपरापर्यंत काळे रबरी मोजे, अशी बाई मी आयुष्यात एकच पाहिली. ते मोजे ती जेवताना आणि देवापुढे हात जोडताना काढायची. एरवी ते हातातच. बोलताना हातवारे करायची तिला भारी हौस, त्यामुळे तिच्याशी गप्पा मारणारा माणूस नेहमी थोडं अंतर राखून उभा असे. कळंबोलीच्या लोखंड बाजारात ट्रक उभा करणारा ड्रायव्हर पंजाबचा असो नाही तर मद्रासकडचा, तिला तो ओळखायचाच. सगळ्यांची ती बॅटरीमावशी.

खरं नाव शेवंता. रोडपालीची. घरची मिठागरं होती, ती गेली. शेतं होती, ती नव्या वसाहतीत गेली. नवऱ्याने गावाच्या कडेला पत्र्याची शेड घालून ट्रकच्या बॅटऱ्या जुळवायचं काम सुरू केलं आणि घडी बसते न बसते तोच तो वारला. दहाव्याला जमलेल्या भावकीने शेड विकून टाकायचा सल्ला दिला. मावशीने सगळ्यांना नीट जेवू घातलं, सल्ला ऐकून घेतला आणि दुसऱ्या दिवशी नवऱ्याचे रबरी मोजे हातात चढवले.

मी तेव्हा पनवेल गावात टायपिंगचं दुकान चालवत होते. पुण्याहून लग्न होऊन आलेली, मराठी-इंग्रजी दोन्ही मशीनवर हात असलेली, म्हणून कारखानदारांचे अर्ज माझ्याकडे येत. मावशी पहिल्यांदा आली ती शेडच्या नोंदणीसाठी. उद्योगाचं नाव काय लिहू, म्हणून विचारलं तर म्हणाली, "शेवंता." म्हटलं, अहो, काहीतरी इंडस्ट्रीज, काहीतरी एंटरप्रायझेस असं असतं. "माज्या भांड्यांवर शेवंता हाय," ती म्हणाली, "बॅटरीवर पन शेवंताच. भांड्यावर नाव घातला का भांडा घरी येतंय. बॅटरीचा काय येगला?"

मला वाटलं, बाई बोलायचं म्हणून बोलली. पण शेडवर गेले तर खरंच प्रत्येक नव्या बॅटरीच्या अंगावर पिवळ्या रंगाने 'शेवंता' लिहिलेलं. लग्नाच्या हळदीला गावभरातून पातेली, पराती जमतात, कोणाची कोणती ते नावावरून कळतं आणि कार्य उरकलं की ज्याचं त्याच्या घरी जातं. त्याच हिशेबाने तिने धंदा मांडलेला. बॅटरी विकली म्हणजे तिच्या लेखी ती काही दिवस दुसऱ्याच्या घरी गेली, एवढंच.

त्यामागे कारण होतं. खाडीच्या काठाला भंगारवाल्यांनी भट्ट्या लावल्या होत्या. ते मेलेल्या बॅटऱ्या फोडत, ॲसिड चिखलात ओतत आणि शिसं वितळवून विकत. मावशी लहानपणापासून त्या चिखलातल्या निवट्या पकडून खाल्लेली. चिखलावर उड्या मारत चालणारा तो छोटा मासा भट्ट्यांच्या बाजूला दिसेनासा झाला. एकदा तिथे तिला बॅटरीचं फुटलेलं खोकं सापडलं आणि त्यावर पिवळी अक्षरं होती, शेवंता. ही गोष्ट सांगताना तिचे हातवारे थांबायचे. "आमी इकली ना बाई? मंग मेल्यावर तिचा मयत कोनी उचलाचा? आमीच ना?"

तेव्हापासून तिने रीत घातली. जो आपली मेलेली बॅटरी परत आणील त्याला शेडवर जेवण. तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाचं कालवण, मासे न खाणाऱ्याला वाल. आता ट्रकवाल्याला रस्त्यात कोणी बायकोच्या मायेने वाढत नाही, हे तिने बरोबर ओळखलं होतं. एक सरदारजी ड्रायव्हर इंदूरच्या पुढे बंद पडलेली बॅटरी तिथे न विकता परत घेऊन आला. का, म्हणून मी विचारलं तर ताटातून मान वर न करता म्हणाला, "मौसी का नाम लिखा है, कैसे फेंकूँ?" आणि पुन्हा भाकरी मागितली.

तिच्याकडून रिकाम्या हाताने कोणी जातच नसे. मी तिचे अर्ज टाइप करून दिले की चौथ्या दिवशी पितळी कडीचा स्टीलचा डबा हजर, झाकणावर ठोकलेलं नाव, शेवंता. पहिल्या डब्यात सुकट होती. आमच्या शुद्ध शाकाहारी घरात सासूबाईंनी ते झाकण उघडलं आणि ज्या चपळाईने बंद केलं, तशी चपळाई गुडघेदुखीमुळे त्यांच्या अंगात आहे असं आम्हांला माहीतच नव्हतं. डबा शेजारी गेला, घासून पुसून परत आला. मावशीच्या कानावर हे गेल्यावर ती कपाळाला हात लावून म्हणाली, "आदी नाय का सांगाचा? आजीबायना बाटवला असता मी." मग वाल येऊ लागले, सोललेले. वालाचं बिरडं चाखल्यावर सासूबाईंचा सूर बदलला आणि 'मावशींचे काही अर्ज बिर्ज राहिलेत का गं?' अशी चौकशी त्या अधूनमधून करू लागल्या. डबा धुऊन परत करताना मीही काहीतरी भरून देई, कधी कोथिंबीर वडी, कधी मेतकूट. रिकामा डबा तिने हातात घेतलाच नसता.

नव्वदीच्या मध्याला कधीतरी नवीन नियमांचा बोलबाला झाला. जुन्या बॅटऱ्या हा घातक कचरा. तो गोळा करणाऱ्याने, साठवणाऱ्याने प्रदूषणाच्या ऑफिसात नोंदणी करायची. तळोज्याच्या बाजूच्या ज्या कारखान्यात मावशीकडच्या जुन्या बॅटऱ्या शिसं गाळायला जात, त्यांनी सांगून टाकलं की नोंदणीचा कागद आणा, नाहीतर तुमच्याकडून माल घेता येणार नाही. भंगारवाल्यांना याचा वास आधीच लागला होता. त्यांचा माणूस रोज शेडच्या दारात येऊन बसू लागला. म्हणे, मावशी, तुझ्याकडचा ढीग आम्ही उचलतो, उगीच कागदांच्या मागे कशाला लागतेस? मावशी त्याला चहा पाजायची, हातावर गूळ ठेवायची आणि वाटेला लावायची. पण तो गेल्यावर ढिगाकडे बघत बसायची. नोंदणी झाली नाही तर तिच्या नावाच्या सगळ्या बॅटऱ्या त्या खाडीत जाऊन फुटणार होत्या.

अर्ज मीच टाइप केला. 'आपण विकलेला माल निकामी झाल्यावर परत कसा मिळवता?' या प्रश्नापुढे काय लिहायचं यावर आमचा बराच खल झाला. मावशी म्हणाली, "जेवाला घालून, असा लिवा." मी लिहिलं, 'ग्राहकांशी असलेल्या वैयक्तिक संबंधांतून.' ऑफिसातून उत्तर आलं की साहेब स्वतः पाहणीला येतील.

आणि इथे मावशीने घोळ घातला. साहेब येणार म्हणजे तिच्या दृष्टीने पाहुणा येणार, आणि पाहुणा यायच्या आधी घर आवरायचं हे काय कोणी तिला शिकवायला हवं? मी ठरलेल्या सकाळी पोचले तर शेड ओळखू येईना. दाराला आंब्याचं तोरण, अंगणात सडा, दारात हळदीला काढतात तशी तांदळाच्या पिठाची रांगोळी. आत जमीन आरशासारखी. मध्ये टेबल, टेबलावर सुगंधाने म्हणजे तिच्या सुनेने केलेले तांदळाचे लाडू.

"मावशी, जुन्या बॅटऱ्या कुठेत?" मी विचारलं.

"पाठवल्या गावात, घरोघरी," ती कौतुकाची वाट बघत म्हणाली. "पावना आल्यावं भंगार दिसला तर बरा वाटंल का?"

मी काही बोलायच्या आत जीप दारात उभी राहिली. साहेब सडपातळ, चष्मेवाले, मितभाषी गृहस्थ. त्यांनी शेड पाहिली, तोरण पाहिलं, लाडूंकडे पाहिलं. मग शांतपणे म्हणाले, "बाई, अर्जात तुम्ही जुन्या बॅटऱ्या साठवता असं लिहिलंय. इथे एकही नाही. एकतर तुमच्याकडे त्या परत येत नाहीत, किंवा आल्या त्या तुम्ही भट्टीला विकल्यात. मी काय समजू?"

मावशीचा चेहरा उतरला. पहिल्यांदाच मी तिचे ते काळे हात लोंबकळताना पाहिले. मी घाईघाईने सगळं सांगितलं तर साहेब जास्तच गंभीर झाले. "लोकांच्या घरात ठेवल्या? ॲसिडच्या बॅटऱ्या? पडवीत पोरं खेळतात ना?" हे मात्र मावशीच्या वर्मी लागलं. ती मटकन ओट्यावर बसली. "पोरांचा माज्या ध्यानात नाय आला, सायेब," ती म्हणाली, "यो माजा चुकला."

मग उठली, कुंपणापाशी गेली आणि शेजारणीला एवढंच म्हणाली, "हौशे, भांडी परत आना गो." हौशीने पुढच्या अंगणात सांगितलं, तिने त्याच्या पुढच्या. हळदीचं बोलावणं जातं तसं ते गावातून गेलं. साहेब घड्याळ बघत जीपपाशी उभे होते. थोड्या वेळाने गल्लीच्या तोंडाशी पहिली हातगाडी दिसली. मागून बैलगाडी. मग बांबूला टांगून आणणारे दोघे भाऊ, सायकलच्या कॅरियरला बांधून आणणारा पोस्टमन. प्रत्येक जण आपली बॅटरी शेडमध्ये ठेवी आणि मावशी, अंगवळणी पडलेलं असल्यामुळे, प्रत्येकाच्या हातावर लाडू ठेवी. साहेबांसाठीचे लाडू संपले, मग खोबऱ्याचे तुकडे, मग चिंच. एकाला तर मूठभर मीठ मिळालं आणि तो ते घेऊन आनंदाने गेला.

साहेब वही काढून आत आले. नावं बघत, खुणा करत फिरले. फिरता फिरता थांबले. "किती पाठवल्या होत्या तुम्ही?" मावशीने सांगितलं. त्यांनी पुन्हा मोजल्या. "या जास्त आहेत."

खरंच जास्त होत्या. एक म्हातारी कोपऱ्यात उभी होती, तिला विचारलं. ती म्हणाली, "माज्या जावयाच्या टेम्पोची हाय. कवाची मेलेली, माज्या माच्याखाली पडलेली. भांडी परत आना सांगितला, तर आनली. शेवंताचा नाव हाय ना तिच्यावं." आणखी दोघांचंही तेच. घराघरांत पडून राहिलेल्या, विस्मरणात गेलेल्या बॅटऱ्यासुद्धा त्या हाकेसरशी चालत आल्या होत्या. साहेबांनी चष्मा काढून पुसला. माल परत कसा मिळवता, हा अर्जातला प्रश्न त्यांनी कोणाला विचारला नाही.

पण माणूस पक्का होता. नोंदणी त्या दिवशी दिली नाही. आधी सिमेंटची जमीन करा, तिला ॲसिड झिरपू न देणारा थर द्या, सांडलेलं ॲसिड मारायला चुन्याचा हौद बांधा, दाराला कुलूप लावा आणि पोरांना या बाजूला फिरकू देऊ नका, असं मावशीच्या गळी उतरेपर्यंत सांगितलं. मावशी एकेक गोष्ट मान हलवून ऐकत होती. निघताना तिने लाडू पुढे केला, सुगंधाने लपवून ठेवलेला शेवटचा. साहेब म्हणाले, कामावर असताना मी कोणाकडचं काही घेत नाही. आता आली का पंचाईत? हा माणूस रिकाम्या हाताने चालला होता. मावशीने क्षणभर विचार केला. "पानी तरी?" साहेब तांब्याभर पाणी प्यायले आणि गेले.

पावसाळ्याआधी काम झालं. साहेब पुन्हा आले, जमिनीवर बूट आपटून बघितले, हौदात डोकावले आणि पुढे महिन्याभराने नोंदणीचा कागद स्वतः घेऊन आले. मावशीने तो दोन्ही हातांनी घेतला, मोजे काढून. नंतर मला म्हणाली, "बगा, सायेबपन रिकाम्या हातानं नाय आयला." भंगारवाल्यांच्या माणसाला त्या दिवशी तिने भरपेट जेवू घातलं. तो पुन्हा आला नाही.

पुढे माझ्या यजमानांची नाशिकला बदली झाली. सामानाचा ट्रक निघताना मावशी डबा घेऊन आली, वालाने गच्च भरलेला. म्हटलं, मावशी, आता हा परत कसा करू? "त्याच्यावं नाव हाय," ती म्हणाली, "तो येईल." मग तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि मोजे काढायचे राहिले म्हणून स्वतःच हसली. मला मात्र हसू आलं नाही.

डबा नाशिकला माझ्या ओट्यावर राहिला. परत करायचा आहे, म्हणजे रोडपालीला जायचं आहे, हा विचार मला आवडायचा. दोनदा जाऊन आले, आणि दोन्ही वेळा तो भरून नेला आणि भरून आणला. तिसऱ्यांदा गेले ती मावशी वारल्याचं कळल्यावर. डब्यात बेदाणे भरले होते. का भरले, कोणासाठी, ते मलाही सांगता आलं नसतं. रिकामा न्यायला हात धजला नाही, एवढंच.

शेड चालू होती. दारात एक ट्रक, आत भाकरी थापल्याचा आवाज. सुगंधा बाहेर आली, हातांत काळे मोजे. ते काढून तिने डबा घेतला, आत नेला. मी मागून म्हटलं, "अगं, आता राहू दे इथेच. मावशींचा आहे, घरी असू दे." ती परत आली तेव्हा डबा पुसून लखलखीत केलेला आणि गळ्यापर्यंत वालाने भरलेला होता.

"इथं ठिवून काय करू, ताई?" ती म्हणाली. "आत्याबाय बोलायच्या, नाव हाय ते भांडा फिरला पायजे."

डबा परत माझ्या ओट्यावर आहे. वालाचं बिरडं केलं तेव्हा सासूबाईंच्या फोटोपुढेही वाटीभर ठेवलं. आता दिवाळीनंतर तो रोडपालीला न्यायचा आहे. काय भरायचं, तेवढं ठरत नाही.