बोहनीचा भाव

उल्हासनगरच्या जीन्सच्या दुकानातली नोकरी मी धरली, कारण तिथे बोलावं लागणार नव्हतं. आधीच्या तीन मुलाखतींत माझा आवाज घशातच राहिला होता. इंग्रजी शाळेतली मुलगी फाडफाड बोलेल अशी सगळ्यांची समजूत. दुकानाच्या सिंधी शेठना मात्र टाइप करणारी हवी होती. कॉलेजची मुलं तेव्हा ज्या साइटवर पडीक असायची, तिथे त्यांना दुकानाची कम्युनिटी, म्हणजे गिऱ्हाइकांचा गप्पांचा गट, काढायची होती. काहीही झालं तरी ही नोकरी घालवायची नाही, असं अंबरनाथहून शेअर रिक्षाने येताना मी रोज स्वतःला बजावायचे.

माझी जागा ट्रायल रूमशेजारी, जाड्या मॉनिटरच्या मागे. टेबलावर जीन्स पसरून मी मोबाइलने फोटो काढायचे. एक फोटो चढेपर्यंत चहा थंड व्हायचा. कम्युनिटीवर मी 'आम्ही' म्हणून लिहायचे आणि तो 'आम्ही' माझ्यापेक्षा फार गप्पिष्ट होता. मुलं त्याला 'भाई' म्हणून मापं विचारत. बदलापूरच्या बाजूच्या गावातून येणारे सेल्समन मामा गिऱ्हाइकांना सांगायचे, "ती बोलत नाय, नुसती छापते."

एक दिवस लिहायला काही सुचेना, तेव्हा रोज डोळ्यांसमोर घडणारं लिहून टाकलं: आमचे शेठ सकाळचं पहिलं गिऱ्हाईक रिकाम्या हाताने जाऊ देत नाहीत. बोहनी चुकू नये म्हणून मागेल त्या भावात देतात. मला ते शेठचं कौतुक वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी शटर उघडायच्या आधी पायरीवर अकरा मुलं. प्रत्येक जण म्हणतोय, "बोहनी मैं करूँगा."

शेठ किल्ली हातात धरून थांबले. "अरे साईं, ये किसने बोला?"

"आपकी कम्युनिटी पे लिखा है, भाईने."

मामांनी माझ्याकडे पाहिलं आणि पटकन मान वळवली. त्यांनी सांगितलं नसतं.

"मी लिहिलं, शेठ."

"अबे, भाई तो लडकी है!" मागून कुणीतरी ओरडलं.

शेठचा आवाज चढला नाही. "बेटा, दुकान की बात बाहर नहीं बोलते. अब तू ही निपटा."

नोकरी गेलीच, असं मी धरून चालले. त्यामुळे असेल, आवाज फुटला. "बोहनी एकच असते," मी म्हणाले. "बिलही एकच होईल, अकरा जणांचं मिळून. भाव एकाने बोलायचा. माझ्याशी."

तोवर मी भाजीवालीशीही कधी घासाघीस केली नव्हती. त्यांनी निम्मा भाव सांगितला. मी नुसती नकाराची मान हलवली. गप्प राहण्याची मला सवय होती, त्यांना नव्हती. तेच भावात एकेक पायरी वर येत गेले. शेवटी सगळ्यांनी जीन्स घेतल्या. शेठनी नोटा कपाळाला लावल्या. मामा म्हणाले, "आयला, हिला तोंड हाय की!"

दुसऱ्या दिवशी माझी खुर्ची काउंटरपाशी होती. कम्युनिटीवरचं लिखाण मी मग संध्याकाळी उरकायचे आणि खरं सांगायचं तर ते पुन्हा तितकं रंगलं नाही. साइटही पुढे बंद झाली. फोटो जपून ठेवायचं तेव्हा सुचलं नाही. पण ती मुलं मात्र जीन्स घ्यायला आली की काउंटरवर टेकून मला विचारायची, "भाई, कमर बत्तीस है क्या?"